इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपची उंची कशी लावावी

नवे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग, मागवण्याआधी गिटारवरचे पाच-सहा स्क्रू फिरवून पाहावेत. पिकअप आणि तार यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलीमीटरनं बदललं तरी आवाजात फरक पडतो, आणि या कामाला खर्च काहीच नाही. अडचण एवढीच की पिकअप वर घेतला की आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला आधी चांगलाच वाटतो. म्हणून पुष्कळ गिटारींवर पिकअप गरजेपेक्षा वर चढवलेले दिसतात. हे काम करताना कल खाली घेण्याकडे ठेवा. कमी पडलेला आवाज अँपचा व्हॉल्यूम वाढवून भरून निघतो. जास्त वर घेतलेल्या पिकअपनं बिघडवलेला स्वर मात्र अँपवर दुरुस्त होत नाही.

इथे मुख्यतः स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) धाटणीची गिटार धरली आहे: तीन सिंगल-कॉइल (एका कॉइलचे) पिकअप, म्हणजे एक नेकजवळ, एक मध्ये आणि एक ब्रिजजवळ; पाच जागांचा स्विच; नऊच्या किंवा दहाच्या तारांचा सेट (पहिली तार ०.००९ किंवा ०.०१० इंच जाड). हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) आणि इतर प्रकारांत काय वेगळं, ते पुढे येईल.

अंतर बदललं की काय होतं

पिकअपमधल्या चुंबकामुळे पोलाद असलेली तार स्वतःही थोडी चुंबकित होते. ती हलली की कॉइलमध्ये, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात, वीज निर्माण होते. तार जवळ असेल तर सिग्नल मोठा, पिकचा (तारा छेडायच्या चकतीचा) पहिला ठोका टोकदार, खालचे स्वर जाड. तार लांब असेल तर सिग्नल लहान, पण हलका आणि जोराचा हात यांतला फरक जास्त नीट ऐकू येतो, आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांपासून सुटे राहतात. अगदी जवळून चुंबकीय क्षेत्र फार झपाट्यानं बदलतं. त्यामुळे तार एका हेलकाव्यात पिकअपपाशी आली की सिग्नल एकदम उसळतो आणि दूर गेली की पडतो. ही असमानता आवाजात करकरीतपणा आणते. कुणाला ती हवी असते. रॉक वाजवणारे मुद्दाम ठेवतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चुंबक तारेला ओढतं. या ओढीमुळे तारेची वर-खाली होणारी कंपनं किंचित मंद होतात, आडवी कंपनं मात्र जवळपास तशीच राहतात. एकाच तारेतून दोन जरा वेगळे स्वर निघतात आणि त्यांच्या टकरीतून आवाज डुलायला लागतो. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे वाजवताना स्वर बेसूर लागतो, ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नाही, स्वर लवकर विरतो. गिटारवाले याला ‘स्ट्रॅटायटिस’ म्हणतात, कारण ज्या पिकअपमध्ये पोल, म्हणजे प्रत्येक तारेखालचे खुंट, हेच चुंबक असतात, त्या जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटवर हा त्रास सर्वांत जास्त होतो. स्वस्त सिंगल-कॉइलमध्ये पोल साध्या लोखंडाचे असतात आणि सिरॅमिक चुंबकाची पट्टी खाली चिकटवलेली असते. तिथे ओढ सहसा कमी जाणवते. हंबकरमध्येही चुंबक खालीच असतं.

लक्षात ठेवण्याजोगं: स्विचनं पिकअप बंद होतो, चुंबक बंद होत नाही. ब्रिजचा पिकअप निवडून वाजवत असाल तरी नेकच्या पिकअपचं चुंबक तार ओढतच असतं.

हाताशी काय हवं

एक नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, आणि हंबकर असेल तर पोलच्या स्क्रूंसाठी एक लहान चपटा. ट्यूनर. मिलीमीटरच्या खुणांची प्लॅस्टिकची पट्टी. स्टीलची पट्टी पोलला चिकटते आणि माप चुकवते. त्याहून सोपा उपाय म्हणजे मुदत संपलेली, सपाट छपाईची एटीएम कार्डं. उठावाची अक्षरं नसलेल्या कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. दोन कार्डं मिळून दीड मिमीच्या जरा वर, तीन मिळून २.३ मिमीच्या आसपास. मधलं माप हवं असेल तर साध्या ए-फोर कागदाचे तुकडे घाला. पाच कागद म्हणजे साधारण अर्धा मिमी. चालू कार्ड वापरू नका, पिकअपच्या चुंबकानं त्याची काळी पट्टी पुसली जाऊ शकते. सुताराच्या भाषेत अर्धं सूत म्हणजे १.६ मिमी, हा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

स्क्रू ड्रायव्हरचं टोकही चुंबक खेचून घेतं आणि पिकगार्डवर ओरखडा उमटतो. टोक दुसऱ्या हाताच्या बोटांनी धरून स्क्रूच्या खाचेत बसवा, किंवा शेजारी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. फ्रेट घासायला स्टील वूल वापरणार असाल तर आधी सगळे पिकअप कागदी टेपनं पूर्ण झाका. त्या लोखंडी धाग्यांचे कण एकदा पोलांवर बसले की निघता निघत नाहीत.

आधीची तयारी

पिकअपची उंची हे सेटअपमधलं शेवटचं काम. नेकचा बाक किंवा ब्रिजची उंची नंतर बदलली तर पिकअपचं अंतर आपोआप बदलतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. क्रम असा ठेवा: नव्या तारा चढवा, आणि सुरुवातीलाच तिन्ही पिकअप चांगले खाली उतरवा. मग नेकचा बाक, ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात लागावा म्हणून तारेच्या लांबीची जुळणी) लावा. पिकअप आधी उतरवण्याचं कारण इंटोनेशन: चुंबक तार ओढत असताना ट्यूनरनं दाखवलेल्या आकड्यावर भरवसा नाही. काही जण ब्रिजचे सॅडल (तारा जिथे टेकतात ते तुकडे) मागेपुढे सरकवत तासभर घालवतात आणि दोष नेकच्या पिकअपचा निघतो.

ॲक्शनसाठी आधार हवा असेल तर स्ट्रॅट बनवणाऱ्या फेंडर कंपनीचं माप सतराव्या फ्रेटवर दोन्ही बाजूंना ४/६४ इंच, म्हणजे १.६ मिमी आहे. फ्रेटबोर्डच्या गोलाव्याची त्रिज्या साडेनऊ ते बारा इंच असेल तर.

माप कसं घ्यायचं

सहावी तार शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे एकविसाव्या किंवा बाविसाव्यावर, दाबून धरा. तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. मग पहिल्या, सर्वांत बारीक तारेचं तसंच. शेवटचा फ्रेट अशासाठी की तिथे दाबली की तार पिकअपच्या सर्वांत जवळ येते. मोकळ्या तारेवर घेतलेलं माप ॲक्शननुसार बदलतं, म्हणून दोन गिटारींची तुलना त्यावरून करता येत नाही.

सुरुवातीचे आकडे, आधी जाड तारेची बाजू, मग बारीक तारेची:

विंटेज धाटणीचे सिंगल-कॉइल: २.४ मिमी आणि २.० मिमी
साधे सिंगल-कॉइल: २.० मिमी आणि १.६ मिमी
टेक्सस स्पेशल, नॉइजलेस (फेंडरचे पिकअप): ३.२ मिमी आणि २.४ मिमी
हंबकर (फेंडर): दोन्ही बाजूंना १.६ मिमी
हंबकर (गिब्सन): ब्रिजचा १.६ मिमी, नेकचा २.४ मिमी

फेंडरच्या तक्त्यात ८/६४ इंचासमोर ३.६ मिमी छापलेलं आढळतं. हिशेब केला तर ते ३.२ मिमीच्याही किंचित आत येतं. इंचाचा आकडा धरावा. जाड तारेची बाजू खाली ठेवतात, कारण त्या तारांमध्ये पोलाद जास्त असतं, त्यांचा झोका रुंद असतो, आणि चुंबक त्यांना जास्त जोरानं ओढतं.

स्ट्रॅटवर स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की पिकअप वर येतो, कारण स्क्रू पिकअपला पिकगार्डकडे खेचतो आणि मधली स्प्रिंग त्याला खाली ढकलते. एका फेऱ्यात पिकअप साधारण अर्धा ते पाऊण मिमी सरकतो. अमेरिकन आट्यांचा स्क्रू पाऊण मिमीच्या जरा वर, मेट्रिक आट्यांचा अर्ध्याच्या आसपास. एका वेळी अर्धा फेरा पुरे. पुढचं सगळं ऐकणं या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांनी करायचं.

नेकपासून सुरुवात करा

अँप क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय), पेडल सगळे बंद (लहान-मोठा आवाज सारखा करणारा कंप्रेसर तर नक्कीच), गिटारचा व्हॉल्यूम आणि टोन दहावर. मधला आणि ब्रिजचा पिकअप अजून खालीच असू द्या.

नेकचा पिकअप तक्त्यातल्या आकड्यावर आणा. आता सहावी तार बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर एकेक करून जोरात छेडा आणि विरेपर्यंत ऐका. स्वर सरळ विरतोय की त्यात लाटा येताहेत? लाटा असतील तर जाड बाजूचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा छेडा. लाटा थांबल्या की आणखी अर्धा फेरा खाली घ्या, म्हणजे नव्या तारा किंवा जोराचा हात यांना जागा राहते. पाचवी आणि चौथी तारही तपासा. पिकअप अगदी तळाला नेऊनही लाटा तशाच राहिल्या तर चुंबकाचा दोष नाही. तार पिळलेली किंवा खराब आहे, सॅडलवर नीट बसलेली नाही, नाहीतर फ्रेट वरखाली आहेत.

मग बारीक बाजू. सहाही तारा एकेक करून सारख्या जोरानं वाजवा आणि जाड तारांच्या मानानं बारीक तारा दबतात का ते पाहा. दबत असतील तर फक्त बारीक बाजू अर्धा फेरा वर. इथे पिकअप पिकगार्डशी थोडा तिरका दिसणार, ते ठीकच आहे.

नेकपासून सुरुवात करण्याचं कारण: तिथे तारेचा झोका सर्वांत रुंद असतो, म्हणून हा पिकअप मुळातच सर्वांत मोठा वाजतो आणि आधी त्रासही तोच देतो. त्याची वरची हद्द एकदा ठरली की बाकीचे दोन त्याच्याशी जुळवायचे. उलट क्रमानं गेलात, म्हणजे ब्रिजचा पिकअप आधी हवा तसा चढवलात, की त्याच्या बरोबरीला नेकचा पिकअप वर ओढण्याचा मोह होतो आणि पुन्हा लाटांशी गाठ पडते.

ब्रिजपाशी तार जेमतेम हलते, म्हणून तो पिकअप तारेच्या जवळ हवा. स्विच नेक आणि ब्रिज यांत बदलत एकच कॉर्ड वाजवा आणि ब्रिज हळूहळू वर आणा. बारीक बाजू फार वर गेली की आवाज कानात टोचतो. अशा वेळी ती थोडी खाली घेऊन जाड बाजू वर घ्या, ब्रिजच्या पिकअपला लागणारा भरणा तिथून मिळतो. पहिली तार शेवटच्या फ्रेटवर जोरात वाजवून ती पोलला किंवा कव्हरला आपटत नाही ना, हेही पाहा. आपटली तर अँपमधून टक् असा आवाज येतो.

मधला पिकअप सर्वांत शेवटी, आणि तो एकटा कसा वाजतो याकडे फार लक्ष देऊ नका. त्याचं खरं काम स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर आहे, जिथे तो शेजाऱ्याबरोबर समांतर जोडला जातो. त्या जागांवरचा पोकळ, चिरका ‘क्वॅक’ दोन्ही पिकअप साधारण बरोबरीनं वाजत असले तरच खुलतो. एक जास्त मोठा झाला की दुसरा त्याच्याखाली झाकला जातो. शिवाय पिक नेमका याच पिकअपच्या वर फिरतो, त्यामुळे पिक कव्हरला लागत असेल तर तो खाली घ्यायला संकोच करू नका. दुसऱ्या-चौथ्या जागेवर गुणगुण थांबते ती मधल्या पिकअपची कॉइल आणि चुंबक उलटे असल्यानं. उंची बदलल्यानं त्यात फरक पडत नाही.

कानाला फसवू देऊ नका

दोन उंचींची तुलना करताना प्रत्येक वेळी अँपचा व्हॉल्यूम बदलून आवाज सारखा करून घ्या, नाहीतर दर वेळी वरचाच पिकअप जिंकेल. ऑडिओ इंटरफेस असेल तर काम सोपं होतं. ऑडॅसिटी किंवा रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्विचच्या प्रत्येक जागेवर तोच ई कॉर्ड तीन-चार वेळा वाजवून रेकॉर्ड करा, मीटरवरची शिखरं पाहा, मग ट्रॅकची पातळी सारखी करून ऐका. ब्रिजची शिखरं नेकपेक्षा थोडी खाली दिसली तरी चालतं. तिखट आवाज कानाला त्याच्या मापापेक्षा मोठा लागतो. शेवटी तुम्ही ज्या गेनवर वाजवता त्या गेनवर एकदा ऐका. जास्त डिस्टॉर्शनमध्ये उंचीचे बारकावे दबतात, पण वर चढवलेल्या नेकच्या पिकअपची जाड तारांवरची गढूळता तिथे दुप्पट जाणवते.

तिसरी तार एकटीच ओरडते

स्ट्रॅटवर हे सर्रास घडतं आणि स्क्रूनं ते पूर्ण जात नाही. १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली असायची आणि तिचा आवाज कमी, म्हणून तिचा पोल उंच ठेवला. आज तिसरी तार साधी असते, तिच्यात पोलाद जास्त पडतं, आणि पोल मात्र विंटेज धाटणीच्या पिकअपवर अजून तसाच उंच.

अशा वेळी पोल अंगठ्यानं खाली दाबायचा विचार मनात येतो. करू नका. या पिकअपमध्ये केसाहून बारीक तांब्याची तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, आणि पोल सरकला की ती तुटते; पिकअप मेला. त्याऐवजी पूर्ण पिकअप खाली घ्या. अंतर वाढलं की पोलांच्या उंचीतला अर्ध्या मिमीचा फरक एकूण अंतराच्या मानानं लहान होतो आणि तारा जवळजवळ सारख्या वाजू लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर सपाट पोलांचा पिकअप हाच खरा उपाय.

हंबकर

इथे ओढीची भीती कमी, म्हणून जवळ जाता येतं. पण नेकचा हंबकर जाड तारांवर चटकन घुमतो. २.४ मिमीवरून सुरू करा आणि घुमणं थांबेपर्यंत जाड बाजू खाली न्या. ३ मिमीच्या पुढे गेलात तरी घाबरू नका.

मग पोलचे स्क्रू. आधी सगळे कव्हरच्या पातळीला आणा, मग फ्रेटबोर्डच्या गोलाव्याप्रमाणे मधले किंचित वर. नंतर जी तार मागे पडते तिचाच स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं वर घ्या. दीड-दोन मिमीहून जास्त बाहेर काढलेला स्क्रू पिकला अडतो. एक युक्ती उपयोगी आहे: पूर्ण पिकअप एक-दीड मिमी खाली उतरवा आणि सहाही पोल वर काढा. तारेजवळ मुख्यतः एकच कॉइल राहते आणि आवाज जास्त मोकळा, सिंगल-कॉइलकडे झुकलेला येतो. गढूळ नेक पिकअपवर पैसे खर्चण्याआधी हे करून पाहावंच.

ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल अशी गिटार असेल तर सिंगल चढवून हंबकरला गाठायचा प्रयत्न करू नका, लाटा सुरू होतील. हंबकर खाली आणा.

इतर प्रकार थोडक्यात. टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपला तीन स्क्रू असतात, त्यामुळे पुढे-मागेही तिरका करता येतो. नेकचा पिकअप जुन्या पद्धतीत पिकगार्डखाली थेट लाकडात बसवलेला असतो, तिथे पिकगार्ड काढावा लागतो. सोपबार पी-९० (रुंद सिंगल-कॉइलचा एक प्रकार) आणि लाकडात थेट बसवलेले हंबकर यांचे स्क्रू उलट चालतात: आवळले की पिकअप खाली जातो, खालचा फोम त्याला वर ढकलतो. फोम जुना होऊन बसला असेल तर स्क्रू सैल केला तरी पिकअप वर येत नाही, फोम बदला. डॉग-इअर पी-९० ला उंचीचे स्क्रूच नसतात, खाली पट्टी घालून उचलावा लागतो.

काम अडलं तर

स्क्रू फिरतो पण पिकअप हलत नाही: स्प्रिंग अडकली आहे, किंवा पिकअपच्या पत्र्यातले आटे गेले आहेत. पिकअप हलक्या हातानं वरून दाबत स्क्रू फिरवून पाहा. खाली उतरवताना फार सैल केलात तर स्क्रू सुटतो आणि पिकअप आतल्या खोबणीत पडतो. मग तारा उतरवून पिकगार्ड उघडण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून फेरे मोजत चला आणि स्क्रू हलका लागायला लागला की थांबा.

कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत हे स्क्रू गंजून जाम होतात. जोर लावला तर खाच घासून जाते. टूथपिकच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घेऊन स्क्रूच्या बुडाशी लावा आणि अर्धा तास थांबा. फवाऱ्याचं तेल नको, ते कॉइलमध्ये आणि लाकडात शिरतं.

जोरात वाजवताना पिकअपपाशी खडखड येत असेल किंवा लावलेली उंची टिकत नसेल तर स्प्रिंग ढिली आहे. फिश टँकमध्ये हवा सोडायची सिलिकॉनची मऊ नळी आतून ४ मिमी असते आणि स्ट्रॅटच्या स्क्रूवर नीट बसते. असलेल्या अंतरापेक्षा चार-पाच मिमी लांब तुकडा कापून स्प्रिंगच्या जागी घाला.

पिकअप खाली घेतल्यावर गुणगुण वाढल्यासारखी वाटेल. कॉइल विजेच्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण पकडते ती उंची काहीही असली तरी तेवढीच. तारेचा सिग्नल मात्र कमी झाला आणि तुम्ही अँप वाढवलात, म्हणून ती वर आली. ती खटकण्याइतकी असेल तर आधी अँपचा प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये आहे का ते पाहा, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर जवळ चालू असेल तर तो बंद करून ऐका. पिकअप पुन्हा वर चढवायचा विचार त्यानंतर.

जमलेली मापं लिहून ठेवा: पिकअप, जाड बाजू, बारीक बाजू, तारांचा सेट. नऊच्या सेटवरून दहाच्यावर गेलात की नेकचा बाक आणि ॲक्शन तपासा आणि मग नेकच्या पिकअपची जाड बाजू पुन्हा एकदा बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर ऐका. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी नेकचा बाक बदलला असेल तर तो आधी पूर्ववत करा. बहुतेक वेळा पिकअपचे स्क्रू हलवायची गरजच पडत नाही.